एमटीबीचा हँगर बदलता येतो का? सायकल घेण्याआधी हा प्रश्न नक्की विचारा

एमटीबी, म्हणजे माउंटन बाईक घ्यायला गेलं की आपले प्रश्न ठरलेले असतात. गिअर किती? डिस्क ब्रेक आहेत का? पुढचं सस्पेन्शन लॉक होतं का? चाक २७.५ चं की २९ चं? आणि शेवटी, फायनल किती? या यादीत एक प्रश्न जवळपास कधीच नसतो. तो म्हणजे मागच्या गिअरचा हँगर वेगळा निघतो का, आणि निघत असेल तर तसाच दुसरा मिळेल का?

हँगर म्हणजे बोटाएवढा धातूचा तुकडा. जाहिरातीत त्याचं नाव नसतं आणि दुकानदारही आपणहून सांगत नाही. पण तो थोडा वाकला तरी गिअर नीट पडत नाहीत. तुटला तर सायकल जागच्या जागी अडकते. आणि तो फ्रेमचाच भाग असेल तर कधी कधी अख्खी फ्रेम बाद होते. म्हणून सायकल घेण्याआधी पाच मिनिटं या तुकड्याला द्यायला हरकत नाही.

थोडक्यात सांगायचं तर

• फ्रेम ॲल्युमिनियमची किंवा कार्बनची असेल तर हँगर वेगळा निघणारा असायलाच हवा.
• फ्रेम स्टीलची असेल तर फ्रेमला जोडलेला हँगरही चालतो, कारण स्टील पुन्हा सरळ करता येतं.
• हँगर वेगळा निघतो एवढ्यावर समाधान मानू नका. तो बाजारात मिळतो का, हे जास्त महत्त्वाचं आहे.
• सायकल घेतानाच एक जादा हँगर घेऊन ठेवा.

आता हे असं का, ते नीट समजून घेऊ.

हँगर म्हणजे नेमकं काय?

गिअरच्या सायकलला मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला, दातेरी चकत्यांच्या खाली एक यंत्र लटकत असतं. त्यात दोन छोट्या पुली असतात, स्प्रिंग असते आणि त्याला एक केबल येऊन मिळते. हा रिअर डिरेलर. सायकलवाल्यांच्या ग्रुपवर आणि दुकानात त्याला 'आरडी' म्हणतात. डिरेलर हा मूळचा फ्रेंच शब्द, त्याचा संबंध रुळावरून घसरण्याशी आहे. काम तेच आहे. तुम्ही हँडलवरचा शिफ्टर दाबला की आरडी चेनला एका चकतीवरून ढकलून शेजारच्या चकतीवर नेतो.

हा आरडी लटकतो कशाला? मागच्या चाकाचा ॲक्सल फ्रेमच्या ज्या भागात बसतो त्याला ड्रॉपआऊट म्हणतात. उजव्या ड्रॉपआऊटखाली जिभेसारखा एक भाग उतरतो. त्याला आटे पाडलेलं भोक असतं आणि त्यात आरडीचा बोल्ट बसतो. ही जीभ म्हणजे हँगर.

या भोकाचं माप जवळपास सगळीकडे एकच असतं. व्यास १० मिमी आणि आट्यांमधलं अंतर १ मिमी. म्हणून शिमानोचा नेहमीचा आरडी असो की दुसऱ्या कुणाचा, तो वेगवेगळ्या फ्रेमवर बसू शकतो. हँगरची फ्रेमकडची बाजू मात्र जवळपास प्रत्येक कंपनीची वेगळी, आणि कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचीही वेगळी. खरेदीच्या वेळी हँगरचा विचार करायला लागतो तो मुख्यतः यामुळे.

एवढासा तुकडा वाकला तर काय बिघडतं?

आरडीला चेन अगदी ठरलेल्या जागी न्यायची असते. ७ गिअरच्या सायकलला मागच्या दोन चकत्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर साधारण ५ मिमी असतं. १२ गिअरच्या सायकलला तेच अंतर साधारण ३.६ मिमीवर येतं. म्हणजे गिअर जितके जास्त, तितकी चूक खपवून घ्यायला जागा कमी.

आणि हँगर तर वरच्या टोकाला असतो. तो थोडासा कलला की त्याच्या खाली लटकणाऱ्या पुली त्याहून बऱ्याच जास्त सरकतात. मग सुरू होतात ओळखीच्या तक्रारी. एका गिअरला आवाज येतो, दुसऱ्याला चेन आपोआप उडी मारते, केबल कितीही घट्ट-सैल केली तरी काही गिअर लागतात आणि काही लागत नाहीत. अनेकदा लोक केबल बदलतात, शिफ्टर बदलतात, आरडीही बदलतात, आणि वाकलेला हँगर तसाच राहतो.

हा झाला त्रास. धोका त्याच्या पुढे आहे. हँगर आत, म्हणजे चाकाच्या दिशेने वाकलेला असेल आणि तुम्ही चढावर सगळ्यात हलका गिअर टाकला, तर आरडी चाकाच्या स्पोकच्या अगदी जवळ जातो. तिथे तो स्पोकमध्ये अडकला की चाक त्याला ओढून घेतं. आरडीचे तुकडे होतात, स्पोक तुटतात, चाक जाम होतं. चढावर वेग कमी असतो म्हणून बरं. पण घरापासून २० किलोमीटरवरच्या घाटात हे झालं तर सायकल खांद्यावरच येते.

तो वाकतो कशामुळे?

ट्रेलवर दगडाला धडकला की वाकतो, हे बरोबरच आहे. सह्याद्रीतल्या वाटांवर काळ्या दगडांची कमी नाही, आणि रानातली एखादी काटकी चेनमध्ये शिरली तरी तेवढं पुरतं. पण बरेचसे हँगर डोंगर न पाहताच वाकतात.

• सायकल उजव्या बाजूवर पडते. साइड स्टँड डावीकडे असतो, त्यामुळे सायकल डावीकडे झुकलेली उभी असते. कुणाचा धक्का लागून ती उजवीकडे आडवी झाली की पहिला मार आरडीला.
• सोसायटीच्या पार्किंगमध्ये सायकली एकमेकींना खेटून लावलेल्या असतात. एक पडली की सगळी ओळ पडते.
• गाडीच्या डिकीत किंवा टेम्पोत सायकल आरडीच्या बाजूवर आडवी ठेवली जाते आणि वर सामान रचलं जातं.
• ऑनलाइन मागवलेली सायकल खोक्यातून येते. खोकं आपटलं की बाहेर काही दिसत नाही, आत हँगर वाकलेला असतो. नवी सायकल असूनही गिअर लागत नसतील तर आधी इथे बघा.

वेगळा निघणारा हँगर आला कुठून?

याचं उत्तर धातूत आहे. स्टील चिवट असतं. ते थोडं वाकलं तर परत सरळ करता येतं आणि एक-दोनदा असं केल्याने फार बिघडत नाही. जुन्या स्टीलच्या गिअर सायकलींना हँगर ड्रॉपआऊटमधूनच काढलेला असायचा. वाकला की मेकॅनिक तो सरळ करून द्यायचा.

मग फ्रेम ॲल्युमिनियमच्या होऊ लागल्या. ॲल्युमिनियम हलकं असतं, पण वाकवून परत सरळ करताना त्यात भेगा पडू शकतात. तारेचा तुकडा हाताने मागे-पुढे वाकवत राहिलं की तो शेवटी तुटतो, तसंच काहीसं. शिवाय तुटल्यावर वेल्डिंगही सोपं नाही. सायकलच्या फ्रेमसाठी बरंचसं वापरलं जाणारं ६०६१ हे ॲल्युमिनियम उष्णता-प्रक्रियेने मजबूत केलेलं असतं. वेल्डिंगची आच लागली की त्या भागाची मजबुती घटते आणि ती परत आणायला पुन्हा उष्णता-प्रक्रिया करावी लागते. कोपऱ्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात ती होत नाही. कार्बनचा तर प्रश्नच नाही, तो वाकत नाही, तडकतो.

म्हणून कंपन्यांनी हँगर फ्रेमपासून वेगळा केला. तो मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमचा बनवतात आणि एक-दोन स्क्रूंनी फ्रेमला बसवतात. घरातला फ्यूज जसा स्वतः जळून टीव्ही-फ्रिज वाचवतो, तसा हा हँगर स्वतः वाकून किंवा तुटून फ्रेम वाचवतो. नशिबाने साथ दिली तर आरडीही वाचतो.

पण फ्यूजची उपमा एका मर्यादेपर्यंतच खरी आहे. प्रत्येक अपघातात आधी हँगरच तुटेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. कधी आरडीची चौकट वाकते आणि हँगर तसाच राहतो, कधी दोन्ही जातात. हँगर फार मऊ असला तर साध्या धक्क्यानेही वाकतो. फार कडक असला तर गिअर छान लागतात, पण मार पुढे फ्रेमकडे जातो. कंपन्या या दोन्हींच्या मधलं काहीतरी साधतात.

मग फ्रेमला जोडलेला हँगर असेल तर सायकल घ्यायचीच नाही का?

सरसकट असं नाही. इथे चार प्रकार लक्षात ठेवा.

पहिला, स्टीलची फ्रेम आणि फ्रेमचाच हँगर. हा दोष नाही. वाकला तर सरळ होतो. आटे खराब झाले तर नवे आटे पाडून किंवा आत आट्यांची बारीक नळी बसवून दुरुस्त करता येतो. अगदी तुटला तरी चांगला कारागीर स्टीलवर नवीन भाग जोडू शकतो.

दुसरा, ॲल्युमिनियमची फ्रेम आणि फ्रेमचाच हँगर. या जोडीपासून सावध राहा. वाकला तर सरळ करताना तुटण्याची भीती, तुटला तर दुरुस्ती अवघड. अशी सायकल अगदी स्वस्तात मिळत असेल आणि रोज दूध-भाजी आणण्यापुरती हवी असेल तर तुमची मर्जी. डोंगरात न्यायला घेऊ नका.

तिसरा प्रकार स्वस्त गिअर सायकलींवर खूप दिसतो. यात फ्रेमला हँगरच नसतो. आरडीला जोडूनच एक पत्रा येतो आणि तो मागच्या ॲक्सलच्या नटखाली, ड्रॉपआऊटच्या खाचेत बसतो. शिमानोच्या टूर्नी मालिकेतले काही आरडी असे मिळतात. दिसायला साधं काम, पण एका अर्थाने हा सुद्धा बदलता येणारा हँगरच आहे. पत्रा वाकला तर सरळ होतो, नाहीतर पत्र्यासकट आरडी बदलता येतो. फ्रेमला धोका कमी. गिअर मात्र चांगल्या हँगरइतके नेमके लागत नाहीत.

चौथा प्रकार म्हणजे हँगर लागतच नाही अशा सायकली. आपल्याकडे जाड टायर आणि डिस्क ब्रेक लावून 'एमटीबी' म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी सायकली सिंगल स्पीड असतात. आरडीच नाही, म्हणून हँगरही नाही. गिअर चाकाच्या हबमध्ये असलेल्या सायकलींचंही तसंच. त्यांच्यासाठी हा लेख विसरून जा.

खरा प्रश्न: तोच हँगर तुम्हाला मिळेल का?

आज गिअर असलेली, ॲल्युमिनियमच्या फ्रेमची बरी एमटीबी घेतली तर हँगर बहुतेक वेगळाच निघेल. म्हणजे 'वेगळा निघतो का' या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा 'हो' असंच मिळणार. अडचण त्यानंतर येते.

हँगरचे शेकडो आकार बाजारात आहेत. दिसायला दोन हँगर जुळे भाऊ वाटतात, पण एकाच्या दोन भोकांतलं अंतर दीड-दोन मिलिमीटरने वेगळं असतं आणि तो बसत नाही. बसला तरी आरडीची जागा चुकते. अमेरिकेतली व्हील्स मॅन्युफॅक्चरिंग आणि इस्रायलमधली पिलो यांसारख्या कंपन्या वेगवेगळ्या फ्रेमना लागणारे हँगर बनवून विकतात, यावरूनच हा गोंधळ किती मोठा आहे ते कळतं.

आता कल्पना करा. तुम्ही घेतलेलं मॉडेल कंपनीने तीन वर्षांनी बंद केलं. किंवा ब्रँडनेच इथला गाशा गुंडाळला. किंवा सायकल एखाद्या ऑनलाइन ब्रँडची आहे आणि त्यांचं सर्व्हिस सेंटर कुठेच नाही. हँगर तुटला. फ्रेम ठणठणीत, चाकं ठणठणीत, ब्रेक ठणठणीत. पण तो एक आकार कुठे मिळत नाही. अशा वेळी वेगळा निघणारा हँगर असूनही फायदा काय?

हँगरची किंमत साधारण काही शे रुपयांत असते, बाहेरून मागवावा लागला तर जास्त. पण न मिळणाऱ्या वस्तूची किंमत विचारून उपयोग नसतो.

यूडीएच हे काय प्रकरण आहे?

हाच गोंधळ कमी करण्यासाठी स्रॅम या अमेरिकी कंपनीने २०१९ मध्ये 'युनिव्हर्सल डिरेलर हँगर' आणला. त्याचं लघुरूप यूडीएच. कल्पना साधी होती. सगळ्या फ्रेम कंपन्यांनी ड्रॉपआऊटचा आकार एकसारखा ठेवायचा, म्हणजे हँगरही एकच लागेल. हा आकार वापरण्यासाठी स्रॅमने फ्रेम कंपन्यांकडून पैसे मागितले नाहीत, त्यामुळे अनेकांनी तो स्वीकारला. ट्रेक ही सुरुवातीच्या कंपन्यांपैकी एक.

यूडीएचची आणखी एक सोय आहे. आरडीला समोरून मार बसला तर हँगर थोडा मागे फिरू शकतो, त्यामुळे काही वेळा नुकसान टळतं. पुढे मार्च २०२३ मध्ये स्रॅमने 'ईगल ट्रान्समिशन' ही गिअर प्रणाली आणली. तिचा आरडी हँगरशिवाय थेट यूडीएचच्या आकाराच्या फ्रेमवर बसतो. म्हणजे ज्या फ्रेमला यूडीएच लागतो, तिथे उद्या हँगर काढून टाकून हा आरडीही लावता येतो. त्या किमतीच्या सायकली घेणाऱ्यांसाठी हा मुद्दा आहे.

तुमचं बजेट ३०-४० हजारांच्या आत असेल तर यूडीएचच्या मागे लागू नका. तो थ्रू ॲक्सल, म्हणजे आरपार जाणारा जाड ॲक्सल असलेल्या फ्रेमसाठी आहे. स्वस्त सायकलींना नटवाला किंवा क्विक रिलीजवाला बारीक ॲक्सल असतो. अशी सायकल दाखवून कुणी 'यूडीएच आहे' म्हणालं तर विश्वास ठेवू नका. दोन चांगल्या सायकलींत निवड करायची असेल, किंमत जवळपास सारखी असेल आणि एकीला यूडीएच असेल, तर तिला झुकतं माप द्यायला हरकत नाही. पाच-सात वर्षांनीही हँगर मिळण्याची शक्यता तिच्या बाबतीत जास्त.

एक सूचना. यूडीएचचा बोल्ट उलट्या आट्याचा असतो. नेहमीच्या सवयीने सोडवायला जाल तर तो आणखी घट्ट होईल. घरी हात घालणार असाल तर हे लक्षात ठेवा.

दुकानात काय तपासायचं?

१. फ्रेमला लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर फ्रेम स्टीलची. नाही चिकटला तर बहुतेक ॲल्युमिनियमची. यासाठी फ्रिजवरचा छोटा चुंबकही चालतो.

२. मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला खाली वाका आणि आरडी जिथे लटकतो तो भाग बघा. फ्रेम आणि हँगर यांच्यात जोडाची रेघ दिसते का? एक-दोन छोटे स्क्रू दिसतात का? फ्रेमला रंग आहे पण हा तुकडा काळा किंवा चंदेरी आहे का? तसं असेल तर तो वेगळा निघतो. रेघ नाही, स्क्रू नाही आणि फ्रेमचाच रंग खालपर्यंत गेला असेल तर तो फ्रेमचा भाग आहे. काही हँगर स्क्रूऐवजी ॲक्सलच्या दाबानेच जागेवर धरलेले असतात, त्यामुळे शंका आली तर मेकॅनिकला चाक काढून दाखवायला सांगा.

३. दुकानदाराला विचारा, "या मॉडेलचा हँगर आत्ता तुमच्याकडे आहे का?" 'मिळेल', 'मागवून देऊ', 'काही टेन्शन नाही' ही उत्तरं पुरेशी नाहीत. तुकडा हातात घेऊन बघा.

४. असेल तर सायकलच्या बिलातच एक लावून घ्या. घासाघीस करायचीच असेल तर फुकटच्या बाटली-स्टँडऐवजी हँगर मागा.

५. नसेल तर कंपनीच्या साइटवर स्पेअर पार्टमध्ये शोधा. तिथेही दिसत नसेल तर त्याच किमतीतली दुसरी सायकल बघायला काहीच हरकत नाही.

६. घरी आल्यावर हँगरचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. शेजारी पट्टी ठेवा म्हणजे माप कळेल. मॉडेलचं पूर्ण नाव, वर्ष आणि फ्रेमचा नंबर त्याच फोटोंसोबत ठेवा. पुढे कधी शोधायची वेळ आली तर याच गोष्टी विचारल्या जातात.

वॉरंटीवर विसंबून राहू नका. पडझडीत झालेलं नुकसान सहसा वॉरंटीत धरत नाहीत.

सेकंड हँड सायकल घेताना

जुनी एमटीबी घेताना हँगर आणखी काळजीने बघा. सायकलच्या मागे उभे राहा, डोळे चाकाच्या पातळीवर आणा आणि आरडीच्या दोन पुली बघा. त्या वरच्या चकतीशी समांतर, एका सरळ उभ्या रेषेत दिसायला हव्यात. खालची पुली चाकाकडे आत झुकली असेल तर हँगर किंवा आरडीची चौकट वाकलेली आहे.

मग सायकल चालवून सगळे गिअर एकेक करून टाका. सगळ्यात मोठ्या चकतीवर जाण्याआधी मात्र खाली उतरा, मागचं चाक उचलून धरा आणि पेडल हाताने हळू फिरवत तो गिअर टाका. आरडी आणि स्पोक यांच्यात मोकळी जागा आहे ना, ते बघा. दुसऱ्याच्या सायकलचा आरडी स्पोकमध्ये घालून घेण्यापेक्षा हे बरं.

हँगर वाकलेला आहे म्हणून सौदा मोडायची गरज नाही. पण त्या मॉडेलचा नवा हँगर मिळतो याची खात्री आधी करा, पैसे नंतर द्या. आणि ॲल्युमिनियमच्या फ्रेमला वेल्डिंग करून बसवलेला हँगर दिसला तर सरळ पुढच्या सायकलकडे वळा.

वाकलेला हँगर सरळ होतो का?

थोडा वाकला असेल तर होतो. त्यासाठी एक खास अवजार असतं. लांब दांडा असतो, त्याचं टोक आरडीच्या जागी हँगरच्या भोकात फिरवून बसवतात आणि दांडा चाकाभोवती फिरवत रिमपासूनचं अंतर वर, खाली, पुढे, मागे अशा चार जागी तपासतात. जिथे फरक दिसेल तिथे हळू दाब देऊन हँगर सरळ करतात. पार्क टूल या अमेरिकी अवजार कंपनीच्या हिशेबाने ४ मिमीच्या आतला फरक चालतो. १२ गिअरच्या सायकलला तो जितका कमी तितका चांगला.

पान्याने किंवा पकडीने आरडीच धरून ओढणारा मेकॅनिक असेल तर त्याला थांबवा. तसं करून हँगर अंदाजाने सरळ होतो, आणि आरडीही वाकण्याची भीती असते. तुमच्या दुकानात हे अवजार आहे का, हाही खरेदीच्या वेळी विचारण्यासारखा प्रश्न आहे. दुकानाच्या सर्व्हिसचा अंदाज त्यावरून येतो.

ॲल्युमिनियमचा हँगर एखाद-दोनदा सरळ केला की पुढच्या वेळी नवाच लावा. प्रत्येक वेळी तो थोडा कमजोर होत जातो. आणि नवा लावला तरी तो या अवजाराने तपासून घ्या, कारण पाकिटातला नवा हँगरही बसवल्यावर अगदी सरळ असेलच असं नाही.

बाजारात आरडीभोवती लावायचा लोखंडी कडीसारखा गार्डही मिळतो. तो पार्किंगमधल्या छोट्या धक्क्यांना उपयोगी पडतो. पण तो ॲक्सलला कसलेला असतो, त्यामुळे मोठा मार बसला तर तो हँगरऐवजी ॲक्सल आणि ड्रॉपआऊटकडे जातो. म्हणजे ज्यासाठी हँगर मऊ ठेवला तो हेतूच हुकतो.

वाटेत तुटला तर?

जादा हँगर आणि ॲलन की सोबत असेल तर पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. चाक काढा, जुना हँगर सोडवा, नवा बसवा, आरडी लावा. गिअर अगदी नेमके नाही लागले तरी घरी पोहोचता येतं.

हँगर नसेल, पण चेन तोडायचं टूल असेल तर सायकल तात्पुरती सिंगल स्पीड करता येते. चेन तोडा, आरडी बाजूला करा, पुढच्या आणि मागच्या मधल्या चकतीवर चेन सरळ रेषेत बसेल अशी जागा निवडा आणि जादा कड्या काढून चेन जोडा. चेन सैल राहिली तर निसटेल, फार ताणली तर काहीतरी मोडेल. जोर न लावता हळूहळू चालवा. फुल सस्पेन्शन सायकलला हे अवघड जातं, कारण मागचं चाक वर-खाली होताना बऱ्याच सायकलींत चेनचा ताण बदलतो. मागचा शॉक लॉक होत असेल तर लॉक करा.

चेन तोडायचं टूल, चेन जोडायची एक कडी आणि एक हँगर, हे सगळं सीटखालच्या छोट्या पिशवीत मावतं.

मग निवड करताना याला किती वजन द्यायचं?

फ्रेमचा साइज, ब्रेक आणि सस्पेन्शन यांच्या वर हँगर जाऊ शकत नाही. साइज चुकला तर सायकल रोज त्रास देते, हँगर वर्षातून एखाद वेळी. पण ॲल्युमिनियमच्या फ्रेमला जोडलेला हँगर आहे किंवा हँगर वेगळा आहे पण तो कुठेच मिळत नाही, या दोन कारणांसाठी सायकल नाकारणं अगदी योग्य आहे. बाकी बहुतेक गोष्टी नंतर बदलता येतात. सीट, टायर, पेडल, अगदी अख्खे गिअरही. फ्रेम बदलायची म्हणजे सायकलच बदलायची.

त्यामुळे पुढच्या वेळी दुकानात गेलात की गिअर किती हे विचारून झाल्यावर एवढंच म्हणा, "दादा, हिचा एक जादा हँगर काढा बरं." तो काढून दिला तर सायकल ट्रायलला घ्या. नाही म्हणाला तर शेजारच्या दुकानात विचारा.